बन्सीच्या शेजारी बसणारे

मंगळवार, ९ जून १९९८. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, सणसवाडीच्या अलीकडे हमरस्त्यापासून जरा आत असलेल्या देशी दारूच्या दुकानात हौसराव बाकावरून खाली कोसळले. वय सेहेचाळीस. समोरचा ग्लास अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

दुकानदार बापूसाहेबांनी पोलिसांना जे पाहिलं ते क्रमानं सांगितलं. पहिल्या घोटानंतर दहाएक मिनिटांत हौसरावांचा चेहरा लाल झाला. लाली छातीपासून निघाली आणि गळ्यावरून कानांच्या पाळ्यांपर्यंत चढली. सदऱ्याची वरची दोन बटणं त्यांनी स्वतः काढली. गळ्याची शीर समोरच्या बाकावरून दिसेल इतकी उडत होती. दोनदा उलटी झाली. श्वास पुरत नाही म्हणाले. मग ती लाली एकाएकी उतरली, चेहरा राखेच्या रंगाचा झाला आणि ते पडले. टेम्पोतून शिरूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा पावणेआठ झाले होते. डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केलं.

त्याच बाटलीतून आणखी तिघं प्यायले होते. त्यांना काहीच झालं नाही. बाटली जप्त झाली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, व्हिसेरा राखून तपासणीला पाठवण्यात आला.

बापूसाहेबांनी जबाबाच्या शेवटी एक वाक्य सांगितलं. हे लिहायचं का, असं जमादारांनी त्यांना दोनदा विचारलं. ते लिहा म्हणाले. वाक्य असं आहे : "त्यांच्या शेजारी बन्सी बसला होता."

बन्सी चौतीस वर्षांचा. हौसरावांच्याच गावातला, गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या बौद्धवस्तीत राहणारा. दोघं सणसवाडीच्या पट्ट्यातल्या एका रबराच्या कारखान्यात मिक्सिंग खात्यात कामाला होते. मोटारींना लागणारी गॅस्केटं तिथं बनतात. कच्च्या रबरात काजळी, गंधक आणि काही पांढऱ्या पावडरी मिसळायच्या आणि तो गोळा मोठ्या रोलांमधून काढायचा, एवढं या खात्याचं काम. हौसराव काट्यावर पावडरी तोलून देत. फिरोज त्या पिशव्या फोडी आणि ओती. बन्सी आणि आणखी दोघे रोलवर. खात्यात माणसं पाच.

फेब्रुवारीपासून त्या दुकानात एक गोष्ट बोलली जात होती. बन्सीच्या शेजारी बसून प्यायलं की माणूस लाल होतो. पहिल्यांदा रोलवरचा एक जण झाला. आठवड्यानं दुसरा. धुळवडीच्या दिवशी हौसराव स्वतः झाले, पण त्या दिवशी सगळ्यांचीच तोंडं रंगलेली असल्यानं ते ओकू लागल्यावरच लोकांच्या लक्षात आलं. छातीत धडधड, डोकं फुटेल असं दुखणं, घाम. दीड-दोन तासांत माणूस पुन्हा ठीक व्हायचा. आणि बन्सी मात्र त्यांच्या मधोमध बसून तीच दारू पीत असायचा. त्याला काही होत नसे.

बापूसाहेबांनी एकदा बन्सीला बाहेर लिंबाखाली बसवून पाहिलं. आतला माणूस तरीही लाल झाला. मग लोक म्हणू लागले, बन्सी त्याच्याशी सकाळी बोलला होता. एप्रिलपर्यंत बन्सीचा ग्लास वेगळा झाला होता आणि त्याच्या बाकावर तो एकटा असायचा. कुणी थट्टेनं म्हणे, बायकोपेक्षा बन्सी बरा, दारू लवकर सुटते. थट्टा करणाराही लांबच बसे.

हौसरावांनी धुळवडीनंतर जवळजवळ तीन महिने दारूला हात लावला नव्हता. ९ जूनला ते दुकानात आले ते दारूसाठी कमी आणि बन्सीसाठी जास्त, असं तिथं असलेल्या तिघांनीही सांगितलं. बन्सी कोपऱ्यात एकटा पाहून ते उठले, त्याच्या बाकावर जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आठ तास याच्यासंगं एका खात्यात असतो. तितं काय व्हत न्हाई, इतं काय व्हतंय बघू."

त्यानंतर त्यांनी ग्लास उचलला.

*

बन्सीची बायको चांगुणा त्या संध्याकाळी घरी भाकरी करत होती. बातमी साडेआठला आली. तिनं तवा उतरवला आणि फळीवरचा चहाचा डबा खाली घेतला. चहापत्तीच्या खाली कागदात गुंडाळलेल्या गोळ्या होत्या. ही गोष्ट तिनं पुढं पोलिसांना स्वतःहून सांगितली. घरात दुसऱ्या कुणाला ती माहीत नव्हती.

गोळ्या दौंडच्या होत्या. चांगुणाची बहीण सिंधूबाई दौंडला राहते, तिचा नवरा रेल्वेत आहे. शिक्रापूर, न्हावरा, चौफुला अशा गाड्या बदलत जावं लागतं. शिरूर जवळ होतं, पण शिरूरच्या बाजारात गावातलं कुणी ना कुणी भेटतंच, म्हणून तिनं दौंड निवडलं. जानेवारीत ती गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी माणूस समोर आणल्याशिवाय गोळी देणार नाही असं स्पष्ट सांगितलं. नवऱ्याला कळू न देता ही गोळी द्यायची नसते, त्यात जीव जाऊ शकतो, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सिंधूबाईचा नवरा बन्सी म्हणून डॉक्टरांसमोर बसला. जन्मात बिडीसुद्धा न ओढलेला माणूस. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं पिता. त्यानं सिंधूबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, अकरा. डॉक्टरांनी त्याचं हृदय तपासलं, रक्तदाब घेतला, यकृत चाचपलं, सगळं उत्तम असल्याबद्दल आश्चर्य व्यक्त केलं आणि सही घेऊन गोळ्या लिहून दिल्या. सही त्यानं बन्सीच्या नावानं केली. बाहेर आल्यावर सिंधूबाई हसून बेजार झाली होती.

डॉक्टरांनी त्या बैठकीत जे समजावलं ते चांगुणानं लक्ष देऊन ऐकलं होतं. दारू पोटात गेली की यकृत तिचं दोन पायऱ्यांनी रूपांतर करतं. पहिल्या पायरीवर तिच्यापासून ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. दुसऱ्या पायरीवर यकृतातलं एक विकर त्या विषापासून साधं आम्ल बनवतं, व्हिनेगरमध्ये असतं तसलं, आणि ते शरीर सहज बाहेर काढतं. ही गोळी ते दुसरं विकर निकामी करते. मग दारू पिणाऱ्याच्या रक्तात विष साठत जातं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब पडतो. निकामी झालेलं विकर पुन्हा चालू होत नाही, शरीराला ते नव्यानं बनवावं लागतं. त्यामुळं गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. जो पीत नाही त्याला बहुधा काही जाणवत नाही. फक्त तोंडाला लसूण कुजल्यासारखा वास येतो.

चांगुणानं विचारलं होतं, मग ही गोळी विषच की.

"गोळी विष नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "विष त्याचं त्याच्याच अंगात तयार होतं, रोजच होतं. गोळी फक्त त्याची जायची वाट बंद करते."

१९ जानेवारीच्या सोमवारी तिनं पहिली गोळी कुटली.

कशात घालायची, हा प्रश्न तिनं तीन दिवस विचार करून सोडवला होता. घरात एकाच पातेल्यातली आमटी सगळे खात. दोन मुली आणि म्हातारी सासू. चहा एकाच टोपात होई. बन्सीचं एकट्याचं असं एकच अन्न होतं, कारखान्याचा डबा. त्यातही शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डबीत असे. डब्यातलं दुसरं कुणी खाईल हा विचारही तिच्या मनात आला नाही. कामावरची माणसं या गावची, नाही तर आजूबाजूच्या गावांची. हौसरावांच्या घरी ती सुगीत कामाला जाई, तेव्हा तिच्या चहाचा कप कोनाड्यात वेगळा असे आणि पिऊन झाल्यावर ती तो स्वतः विसळून ठेवी. तिच्या हातची चटणी त्या घरातला माणूस खाईल, हे तिला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

महिना झाला. बन्सी पीतच होता आणि त्याला काहीच होत नव्हतं. चांगुणाला वाटलं, गोळी कमी पडते. तिनं एकाच्या दोन केल्या. एप्रिलमध्ये तीन.

मार्चच्या शेवटी एकदा गिरणीत साखरबाई भेटली. साखरबाई म्हणजे हौसरावांची बायको. दळण होईपर्यंत ती सांगत होती की मालकांच्या तोंडाला महिनाभर कसलातरी वास येतोय. लसूण सडल्यावर येतो तसा, आणि गंजलेल्या पत्र्यासारखा. चूळ भरूनही जात नाही. पण एक बरं झालंय, धुळवडीपासून दारू सोडलीय.

चांगुणा घरी आली आणि त्या रात्री झोपलेल्या बन्सीच्या तोंडाजवळ नाक नेऊन तिनं वास घेतला. नुसता दारूचा होता.

तिनं याचा एक अर्थ लावला. साखरबाईही कुठल्या तरी डॉक्टरकडं जात असणार आणि तिची गोळी जास्त चांगली असणार. हा अर्थ तिला पटला. विचारण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून तिनं विचारलं नाही.

*

११ जूनला, गुरुवारी, पाचच्या सुमाराला फिरोज बन्सीचा डबा घेऊन आला. मंगळवारी डबा कारखान्यातच राहिला होता आणि त्यानंतर बन्सी कामावर गेला नव्हता. फिरोज सव्वीस वर्षांचा, कोरेगाव भीमाचा. त्याच्या घरातले तीन पिढ्यांपासून तिथं आहेत. दारू पीत नाही. तो ओट्यावर टेकला, पाणी प्यायला आणि हौसरावांबद्दल बोलू लागला.

"मामांचा तुमच्या चटणीवर लई जीव व्हता, वहिनी. डबा उघडायच्या आत हात पुढं."

चांगुणानं विचारलं, कुणाचा हात.

"हौसरावमामांचा. पाच जणांचे डबे आमी एकाच कागदावर वततो. ज्याला जे पायजे ते त्यानं घ्यायचं. बन्सीभाऊ तर ती चटणी तोंडात बी घालत न्हाईत. म्हंत्यात, घरची रोजचीच हाय, तुमी खावा. त्यांचं लक्ष मामांच्या पिठल्यावर, न्हाईतर आमच्या अम्मीच्या खिम्यावर."

मग तो थांबला आणि म्हणाला, "गावात बोलू नगा पण. मामांनी पयल्या दिवशीच बजावलं व्हतं. कारखान्यातलं कारखान्यात."

चांगुणानं त्याला विचारलं की तुम्हीही खाता का. तो म्हणाला, खातो की. मग तिनं विचारलं, तुमची तब्येत बरी असते का. प्रश्न त्याला चमत्कारिक वाटला, पण त्यानं हसत एक हकिकत सांगितली. मे महिन्यात खोकला झाला म्हणून त्यानं बाजारातून खोकल्याचं औषध आणलं. दोन चमचे घेतले आणि पाव तासात तोंड तापलं, कान लाल झाले, छाती धावायला लागली. अब्बांनी जवळ बोलावून तोंडाचा वास घेतला. पिऊन आलास म्हणाले. आठ दिवस बोलत नव्हते. आता आठवलं की हसू येतं, तवा रडलो.

खोकल्याच्या काही औषधांत मद्यार्क असतो. हे चांगुणाला त्या दिवशी माहीत नव्हतं. पण लाल कान तिला कळले.

फिरोज गेल्यावर तिनं डबी उघडली. मंगळवारची चटणी अर्धी शिल्लक होती. ती तिनं चुलीत टाकली. हे पुरावा नष्ट करणं झालं, असं जमादारांनी नंतर तिला सांगितलं. ती म्हणाली, कोंबड्या खातील म्हणून टाकली.

सोमवारी, १५ जूनला, ती दौंडला गेली. सिंधूबाईला बरोबर न घेता एकटीच दवाखान्यात बसली. डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि विचारलं, मालक कसे आहेत. तिनं सगळं सांगितलं, सिंधूबाईच्या नवऱ्यासकट. डॉक्टरांनी जुना कागद शोधून त्यावरची सही पाहिली. मग विचारलं, ही माणसं कामाला कुठं आहेत.

रबराच्या कारखान्यात म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

रबर पक्कं करायला ज्या पावडरी वापरतात, त्यांतल्या काही या गोळीच्या जवळच्या नात्यातल्या असतात, असं त्यांनी तिला सांगितलं. दारूवर या द्रव्याचा परिणाम प्रथम नजरेला आला तो रबराच्या कारखान्यांतल्या कामगारांमुळेच. दिवसभर पावडरीत काम करणारी माणसं संध्याकाळी दारू पिऊ शकेनात. श्वासातून गेली, हातांवरून तोंडात गेली, तरी पुरते. सणसवाडीला नेमकी कोणती पावडर वापरतात ते त्यांना माहीत नव्हतं. हौसराव पावडरी तोलत होते, हे तिनं सांगितलं. बन्सी रोलवर असतो, पिशवीला हात लावत नाही, हेही सांगितलं.

मग जे विचारायला ती तीन गाड्या बदलून आली होती ते तिनं विचारलं.

"माझ्या चटनीनं गेलं का पावडरीनं?"

"मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन्हीही असेल. त्यांचं हृदय आधीपासूनच खराब असेल, तर यातलं काहीच नसेल. राखलेल्या व्हिसेऱ्यात नेहमीची विषं शोधतात. हे कुणी मुद्दाम शोधा म्हणून सांगितलं तर शोधतील, पण ते शरीरात फार वेळ राहत नाही. मिळेलच असं नाही."

सांगायचं कुणी, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, ज्याला माहीत आहे त्यानं.

*

तेरावा २१ जूनला झाला. २२ला सकाळी अकराच्या सुमाराला चांगुणा साखरबाईकडं गेली. साखरबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. चांगुणा अंगणात उभी राहिली आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं. गोळी, दौंड, चटणी, एकाच्या तीन. साखरबाईचा हात सुपात चालू होता. डब्याचा उल्लेख आला तिथं थांबला.

"कुनाच्या डब्यातलं?"

"आमच्या."

"आमचे मालक तुमच्या डब्यातलं खात न्हवते."

"काकू, फिरोज सांगून गेला. रोज एका कागदावर..."

"फिरोजला काय करायचंय? बावीस वर्सं मी त्यांचा डबा बांधला. रिकामा येत व्हता."

"रिकामाच येनार, काकू. त्यातलं आमच्या मानसानं खाल्लं असंल."

चांगुणानं गिरणीतली गोष्ट काढली. तोंडाचा वास, सडलेला लसूण, गंजलेला पत्रा. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, काकू.

"म्या असं कवाच म्हनले न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. सुपातला एक खडा उचलून तिनं अंगणात टाकला.

"मानूस गेला, चांगुणा. आता त्यानं कुनाचं खाल्लं ते काढू नगंस. दोन लेकींची लग्नं ऱ्हायल्यात माझ्या."

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. कोनाड्यातल्या कपात. चांगुणा चहा प्यायली, कप विसळला, ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बन्सीला सांगितलं. तो कामावर निघाला होता. त्यानं पायातली चप्पल काढली आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. गेले चार महिने तो स्वतःबद्दल काय समजत होता, हे त्यानं तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आपल्यातून काहीतरी निघतं आणि शेजारच्याला लागतं, असं त्यालाही वाटू लागलं होतं. मुलींना जवळ घेणं त्यानं मेपासून बंद केलं होतं. ९ जूनपासून तो दारू प्यायला नव्हता, तो दुखवट्यामुळं नाही असं तो म्हणाला. दुकानात गेलो तर तिथं दुसरं कुणी बसलेलं असणारच, म्हणून.

आता तुमच्यातून काही निघत नव्हतं हे कळलं की, असं चांगुणा म्हणाली.

"निघत कसं न्हवतं?" बन्सी म्हणाला. "हौसरावआप्पांच्या भाकरीवर ती चटणी रोज म्याच वाढत व्हतो. माझ्या हातानं."

त्यानं चप्पल घातली आणि कामावर गेला. त्या दिवसापासून तो डबा नेत नाही. कारखान्याच्या फाटकावर वडापाव खातो.

२४ जूनला चांगुणा शिरूरला गेली आणि तिनं जबाब दिला. जमादारांनी तो चार पानांवर लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. उरलेल्या गोळ्या पंचनामा करून ताब्यात घेतल्या. प्रयोगशाळेला पत्र गेलं की व्हिसेऱ्यात अमुक औषध आहे का ते पाहावं. तिला अटक झाली नाही. आधी तुमच्या डब्यातलं मयतानं खाल्लं हे तरी सिद्ध होऊ दे, असं तिला सांगण्यात आलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिक्सिंग खात्यातल्या चौघांचे जबाब झाले. रोलवरच्या दोघांनी सांगितलं की प्रत्येक जण आपापला डबा खातो. दोघांतला एक हौसरावांच्या भावकीतला आहे, दुसऱ्याला त्याच गावात राहायचं आहे. फिरोजनं सांगितलं की आपण चटणी खात होतो आणि आपल्याला मेमध्ये त्रासही झाला. हौसराव खात होते का, या प्रश्नावर त्याच्या जबाबात एक ओळ आहे : "मी माझ्या जेवणाकडे लक्ष देत असे." त्या सकाळी साखरबाईचे दीर त्याच्या घरी जाऊन आले होते.

साखरबाईचा जबाब घरीच घेतला. हौसराव बाहेरचं काही खात नसत, कधीच नाही, असं तिनं सांगितलं आणि अंगठा दिला.

शेवटचा जबाब बन्सीचा. तो सगळ्यांत लहान आहे, सहा ओळींचा. "आम्ही पाचही जण आपापला डबा खात असू. माझी चटणी मीच खात असे." मग तुम्ही दारू पीत होता तेव्हा तुम्हाला त्रास कसा झाला नाही, असं जमादारांनी विचारलं. त्यानं सांगितलं, माहीत नाही.

घरी आल्यावर चांगुणानं त्याला जाब विचारला. आप्पांना शब्द दिला होता, एवढंच तो म्हणाला. हे त्यानं शब्दासाठी केलं, बायकोसाठी केलं की रोज चटणी वाढणाऱ्या आपल्याच हातासाठी केलं, हे जबाबावरून कळत नाही. चांगुणालाही कळलेलं नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलते.

प्रयोगशाळेचा अहवाल १८ सप्टेंबरला आला. मद्यार्क आढळला, प्रमाण कमी. नेहमीची विषं आढळली नाहीत. पत्रात नमूद केलेल्या औषधाबाबत निष्कर्ष काढता येत नाही.

म्हणजे कागदावर पाहिलं तर हौसरावांनी ती चटणी कधी खाल्लीच नव्हती आणि त्यांच्या शरीरात तिचा मागमूस नव्हता. ती खाल्ली असं म्हणणारी एकटी चांगुणा. तिनं तर कुणाला खाताना पाहिलेलं नाही.

पावडरींची यादी जमादारांनी कारखान्याकडं मागितली होती. यादी आली. तिच्यात पावडरींची नावं नाहीत, कारखान्यानं आपल्या सोयीसाठी दिलेले नंबर आहेत. कशाला कोणता नंबर, याचा कागद मागवला आहे.

शनिवारी, ३ ऑक्टोबरला, संध्याकाळी सात वाजता सणसवाडीतल्या भाड्याच्या खोल्यांपैकी एका खोलीत बिहारहून आलेला एक कामगार बिअरचा अर्धा ग्लास पिऊन लाल झाला. छातीपासून कानांपर्यंत. दोनदा उलटी झाली. खोलीतल्या बाकीच्यांनी त्याला उताणं निजवलं, चेहऱ्यावर ओलं फडकं ठेवलं. साडेआठपर्यंत तो उठून बसला. वय तीस. जुलैअखेर तो कारखान्यात लागला. जेवण खोलीवरच्या मेसमध्ये. बन्सीशी त्याची ओळख तोंडदेखली आहे, दोघं कधी एका ठिकाणी जेवले नाहीत किंवा प्यायले नाहीत. हौसरावांच्या जागी, काट्यावर, त्याला बसवलेलं आहे.

दुकानात याचा वेगळा अर्थ लागला. आता हौसराव धरतात, असं तिथं म्हणतात.

चांगुणाला बन्सीनं सोमवारी सांगितलं. तिनं एकच विचारलं, त्यानं कुणाच्या डब्यातलं काही खाल्लं होतं का. बन्सी म्हणाला, जूनपासून खात्यात कुणीच कुणाचं खात नाही.

मंगळवारी, ६ ऑक्टोबरला, ती पुन्हा शिरूरला गेली. जमादारांनी तिची चार पानं बाहेर काढली. कारखान्याचा कागद अजून आलेला नाही, तो येईल किंवा येणार नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. आधीच्या जबाबात काही बदलायचं असेल तर पुरवणी जबाब देता येतो, असंही सांगितलं. बदलायचं आहे का, असं विचारलं.

चांगुणानं ती चार पानं हातात घेतली. तिला अक्षरं लावून वाचता येतं. पहिलं पान वाचायला तिला वीस मिनिटं लागली. मग तिनं पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि ती चारची गाडी पकडून परत गेली.

मुदत मंगळवारी, २० तारखेला संपते. सोमवारी संध्याकाळपर्यंत ती आलेली नव्हती.